जमिनीखालचं कुत्र्याचं कुंपण : वायर पुरण्याआधी, पुरताना आणि तुटल्यावर पडणारे प्रश्न

अमेरिकेत यार्ड असलेलं घर घेतलं, कुत्रा आणला आणि मग एचओएच्या (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) नियमावलीत ‘पुढच्या बाजूला कुंपण चालणार नाही’ हे वाक्य सापडलं, की बहुतेकांची चौकशी जमिनीखालच्या वायरकडे वळते. किट घेताना, वायर पुरताना आणि पुढे ती कुठेतरी तुटल्यावर हमखास विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मापं फूट-इंचांत आहेत, कारण प्लॉटच्या नकाशावर आणि किटवर तीच असतात. महाराष्ट्रातल्या फार्महाऊसचा प्रश्न शेवटी वेगळा घेतला आहे.

वायरमध्ये शॉक असतो का? आपल्याकडच्या झटका मशीनसारखं आहे का हे?

नाही. शेतातल्या झटका मशीनची तार उघडी असते आणि तिला जो शिवेल त्याला झटका बसतो. इथे पुरलेली वायर म्हणजे फक्त अँटेना. घरातला ट्रान्समीटर तिच्यातून कमी फ्रिक्वेन्सीचा रेडिओ सिग्नल फिरवतो. बऱ्याच सिस्टिममध्ये तो ७ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास असतो. कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात रिसीव्हर असतो. कुत्रा वायरच्या जवळ गेला की पट्टा आधी बीप करतो किंवा थरथरतो, आणि तरीही तो पुढे गेला तर पट्ट्यावरच्या दोन धातूच्या टोकांमधून झटका बसतो. त्यामुळे मुलं लॉनवर अनवाणी खेळली तरी काही होत नाही. ही कल्पना नवी नाही. रिचर्ड पेक यांना अमेरिकेत तिचं पेटंट १९७३ मध्ये मिळालं.

सगळं गणित एका अटीवर चालतं : वायर ट्रान्समीटरच्या एका टर्मिनलवरून निघून, फिरून दुसऱ्या टर्मिनलवर परत यायला हवी, म्हणजेच लूप पूर्ण व्हायला हवा. मध्ये कुठेही तुटली की कुंपण संपूर्ण बंद होतं, फक्त त्या भागापुरतं नाही.

हे क्रूर नाही का?

या बाबतीत तज्ज्ञांमध्ये खरोखरच मतभेद आहेत. वेल्समध्ये शॉक देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ च्या आपल्या भूमिकेत इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांसह सगळ्या त्रासदायक साधनांना विरोध केला आहे. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेत लाखो घरांत ही सिस्टिम चालू आहे. आमचं मत असं, की खरं कुंपण बांधता येत असेल तर ते बांधावं. नसेल, तर वायर पुरण्याइतकाच वेळ शिकवण्यालाही द्यायची तयारी ठेवावी. शनिवारी किट आणलं, रविवारी पट्टा बांधून कुत्रा सोडला, हा प्रकार मात्र क्रूरच.

कोणत्या कुत्र्यासाठी हे घेऊच नये?

सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू, गाभण किंवा आजारी कुत्री, आणि आधीच घाबरट असलेला कुत्रा. माणसांवर किंवा इतर कुत्र्यांवर धावून जाणाऱ्यासाठी तर अजिबात नको. रस्त्याने कुणी जाताना दिसलं, कुत्रा उत्साहात पुढे धावला आणि त्याच क्षणी झटका बसला, की काही कुत्री तो त्रास समोरच्या माणसाशी जोडतात. मग पोस्टमन दिसला तरी दात दिसायला लागतात. वजनाचीही खालची मर्यादा असते. अनेक पट्टे ८ पौंडांपासून पुढे चालतात, पण खोक्यावरचा आकडा पाहूनच घ्या.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. हे कुंपण फक्त पट्टा घातलेल्या कुत्र्यापुरतंच असतं. कोयोटी (कोल्ह्या-लांडग्यासारखा जंगली प्राणी), शेजाऱ्याचा मोकाट कुत्रा किंवा अनोळखी माणूस बिनदिक्कत आत येऊ शकतो, आणि तुमच्या कुत्र्याला मात्र बाहेर पळता येत नाही. म्हणून माणूस घरात नसताना कुत्र्याला या कुंपणाच्या भरवशावर बाहेर ठेवू नये.

आमच्या यार्डात जागा पुरेल का?

यार्ड किती मोठं आहे यापेक्षा सर्वांत अरुंद जागा किती आहे ते मोजा. वायरच्या दोन्ही बाजूंना सिग्नलचा पट्टा तयार होतो आणि तो आतल्या बाजूला निदान ६ फूट हवा. कारण साधं आहे : खारीमागे धावणारा कुत्रा ताशी २० मैलांनी गेला तर सेकंदाला सुमारे २९ फूट कापतो. दोन फुटांचा पट्टा तो बीप संपायच्या आत ओलांडेल.

आता घराच्या बाजूची गल्ली पाहा. भिंतीपासून हद्दीपर्यंत १२ फूट आहेत. हद्दीपासून ३ फूट आत वायर, तिथून ६ फूट सिग्नल. कुत्र्याला उरले ३ फूट. एवढ्या बोळातून बहुतेक कुत्री जायलाच तयार होत नाहीत. अशा वेळी पुढचं आणि मागचं यार्ड एकत्र घेण्याचा हट्ट सोडून फक्त बॅकयार्ड घ्यावं.

आराखडा कसा काढायचा?

घर घेताना मिळालेला सर्व्हेचा नकाशा काढा. हद्द, घर आणि ईझमेंट (दुसऱ्यांच्या वापरहक्काची जागा) त्यावर असतात. आलेख कागदावर एक चौकोन म्हणजे ५ फूट धरून तो उतरवा. त्यावर ड्राइव्हवे, डेक, स्विमिंग पूल, भाजीचे वाफे, स्प्रिंकलरच्या लायनी, एसीचं बाहेरचं युनिट आणि वीज-गॅसचे मीटर दाखवा. मग वायरची रेघ काढा : शेजाऱ्याच्या हद्दीपासून ३ फूट आत, रस्त्याच्या बाजूला निदान १० फूट आत. फुटपाथलगतची पट्टी बहुतेक ठिकाणी गावाच्या मालकीची असते. लॉन तुम्ही कापत असलात तरी ती तुमची नव्हे.

कोपरे काटकोनात वळवू नका. ३ फूट त्रिज्येची गोलाई द्या. टोकदार कोपऱ्यात सिग्नल कमी पडतो आणि चलाख कुत्री तीच जागा शोधून काढतात.

पुढच्या दारापर्यंत येणारी वाट शक्यतो रेघेच्या बाहेर ठेवा. पार्सल आणणाऱ्याला कुंपण दिसत नाही, त्याला फक्त अंगावर येणारा कुत्रा दिसतो.

फक्त बॅकयार्ड हवं असेल तर चौथी बाजू कशी जोडायची?

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मागच्या भिंतीला लागून जमिनीतून वायर नेली तर लूप पूर्ण होतो खरा, पण मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकताच पट्टा वाजतो. कुत्रा दारातच बसून राहतो आणि ‘सिस्टिम खराब आहे’ म्हणून किट परत जातं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे वायर तीन बाजूंनी न्यायची आणि त्याच वाटेने, ५ फूट आतून, परत आणायची. जाणाऱ्या आणि येणाऱ्या वायरमधला प्रवाह उलट दिशांचा असतो, म्हणून त्या जवळ आल्या की एकमेकींचा सिग्नल मारतात. दोघींमध्ये ३ फुटांपेक्षा कमी अंतर कधीच नको. दुसरा उपाय म्हणजे चौथ्या बाजूची वायर भिंतीवरून चढवून वरच्या मजल्याच्या छताच्या पन्हळीच्या कडेने न्यायची. यात वायर कमी लागते. मात्र वरच्या मजल्यावर खिडकीजवळ झोपलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा राहिला तर तो तिथेही वाजेल. घरात आल्यावर पट्टा काढायची सवय असेल तरच हा मार्ग घ्या.

वायर किती लागेल?

साधारण चौरस प्लॉट धरला तर पाव एकराचा घेर सुमारे ४२० फूट, एक तृतीयांश एकराचा ४८०, अर्ध्या एकराचा ५९० आणि एक एकराचा ८३५ फूट. लांबट प्लॉटला याहून जास्त.

वरच्या पहिल्या उपायाचं गणित करून पाहू. बॅकयार्ड ७० फूट रुंद, ६० फूट खोल. बाहेरची फेरी ६० + ७० + ६० = १९० फूट. पाच फूट आतून परतीची फेरी ५५ + ६० + ५५ = १७० फूट. एकूण ३६०. कोपरे, उंचसखलपणा आणि ढील यांसाठी दहा टक्के धरले की जवळपास ४००. ट्रान्समीटरपासून यार्डापर्यंत ४० फूट पिळाची वायर (एकमेकींभोवती पीळ घातलेल्या दोन वायरी; कशासाठी ते पुढच्या प्रश्नात) घरीच करायची असेल तर दोन पदर आणि पिळात जाणारी लांबी धरून आणखी १०० फूट. म्हणजे किटमधली ५०० फुटांची वायर इथेच संपते आणि दुरुस्तीला तुकडाही उरत नाही. एक जादा रीळ घ्याच.

पीळ घातलेली वायर कशासाठी?

ज्या भागावरून कुत्र्याने मोकळं फिरावं, तिथे सिग्नल नको असतो. दोन वायरींना फुटाला १० ते १२ पीळ दिले की उलट प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि त्या भागावर पट्टा गप्प राहतो. गॅरेजपासून लूपपर्यंतचा तुकडा नेहमी असाच असतो. यार्डाच्या मधला स्विमिंग पूल किंवा भाजीचा वाफाही याच युक्तीने वगळता येतो : मुख्य लूपपासून पिळाची वायर आत न्यायची आणि त्या जागेभोवती छोटा लूप फिरवायचा.

पीळ हाताने घालू नका. वायर दुमडून दुमड ड्रिलच्या चकमध्ये अडकवा, दुसरी टोकं खांबाला बांधा, वायर ताणून धरा आणि ड्रिल हळू फिरवा.

कोणत्या गेजची वायर घ्यावी?

गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. स्वस्त किटमध्ये २० गेजची येते. सिग्नलसाठी ती पुरते, पण फावड्याचा ओझरता घाव किंवा गोठलेल्या जमिनीचा ताण तिला झेपत नाही. आमची शिफारस निदान १८ गेजची, आणि मोठ्या किंवा खडकाळ जागेत १६ किंवा १४. गेजपेक्षाही कव्हर महत्त्वाचं. ‘डायरेक्ट बरिअल’ (थेट जमिनीत पुरण्याजोगी) असं लिहिलेली पॉलिइथिलीन कव्हरची वायर घ्या. घरातल्या कामाची साधी पीव्हीसी कव्हरची वायर ओल्या मातीत लवकर खराब होते.

एक सवय लावून घ्या. पुरण्याआधी मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजून कागदावर लिहून ठेवा. ५०० फूट तांब्याच्या वायरचा तो २० गेजला सुमारे ५ ओहम, १८ ला ३.२, १६ ला २ आणि १४ ला १.२५ येतो. पुढे कधी ५ च्या जागी १५ दिसले तर वायर तुटलेली नसली तरी कुठलातरी जोड गंजला आहे हे लगेच कळतं.

फक्त तीन इंच खोदायचं आहे. तरी ८११ ला फोन करायचा?

करायचा. ८११ हा खोदण्याआधी जमिनीखालच्या लायनींच्या खुणा करून घेण्यासाठीचा अमेरिकेतला नंबर. सेवा फुकट असते, आणि केबलची किंवा फायबरची लाइन कित्येकदा इतक्याच खोलीवर असते. फोनवर किंवा वेबसाइटवर नोंद केली की साधारण दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत माणसं येऊन रंगाच्या खुणा करून जातात; नेमकी मुदत राज्यागणिक वेगळी. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन-केबल, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. ते फक्त कंपन्यांच्या लायनी दाखवतात. मीटरच्या पलीकडचं तुमचं खासगी काम, म्हणजे शेडला नेलेली वीज, ग्रिलची गॅसलाइन, स्प्रिंकलरचे पाइप, हे तुमचं तुम्हीच शोधायचं.

या खुणांचा दुसरा फायदा आराखड्याला होतो. तुमची वायर दुसऱ्या केबलला समांतर गेली तर सिग्नल त्या केबलवर चढतो आणि मग पट्टा थेट दिवाणखान्यात, टीव्हीच्या भिंतीजवळ वाजतो. केबल ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. समांतर जायचं असेल तर ५ ते १० फूट अंतर ठेवा. रोबोट मोअरची (आपोआप लॉन कापणाऱ्या यंत्राची) हद्दीची वायर असेल तर तिच्यापासूनही दूर राहा. दोन्ही सिस्टिम एकमेकींत लुडबुड करतात.

परवानगी लागते का?

बऱ्याच एचओए याला हरकत घेत नाहीत, पण लेखी ईमेल घेऊन ठेवा. गावाचा नियम वेगळा पाहावा लागतो : काही ठिकाणी ‘कुत्रा आवारात बंदिस्त’ या व्याख्येत हे कुंपण बसत नाही, आणि कुत्रा तुमच्याच लॉनवर असला तरी दोरीशिवाय असल्याचा दंड होऊ शकतो. शेजाऱ्याकडेही अशीच सिस्टिम असेल तर दोघांच्या वायरींत १० फूट अंतर ठेवा आणि फ्रिक्वेन्सी वेगळी निवडा.

ट्रान्समीटर कुठे लावायचा?

कोरड्या जागी, आतल्या भिंतीवर, विजेच्या पॅनेलपासून, वॉटर हीटरपासून आणि मोठ्या धातूच्या वस्तूंपासून निदान ३ फूट दूर. थंडीत गोठणारं गॅरेज टाळा, बेसमेंट उत्तम. लूपसाठीचं सर्ज प्रोटेक्टर वगळून पैसे वाचवू नका. शंभर-दीडशे फुटांवर वीज पडली तरी पुरलेल्या वायरमध्ये पुरेसा दाब तयार होतो आणि ट्रान्समीटरचं बोर्ड जळतं. प्रोटेक्टर अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावा. अर्थिंग नसेल तर तो शोभेचा.

खोदायचं कसं, किती खोल?

थांबा, आधी खोदू नका. संपूर्ण वायर जमिनीवरच अंथरा, ट्रान्समीटर चालू करा आणि पट्टा हातात, कुत्र्याच्या मानेच्या उंचीवर धरून पूर्ण फेरी मारा. किटमध्ये टेस्ट लाइट असतो, तो टोकांना लावला की झटका दिव्याने दिसतो. घरातही सगळ्या खोल्यांमधून पट्टा फिरवून पाहा. आराखड्यातली प्रत्येक चूक या टप्प्यावर पाच मिनिटांत सुधारते. पुरल्यावर तिलाच एक रविवार लागतो.

मग चर. लॉनला चर खणायची गरज नसते, चीर पुरते. अर्धगोल एजर (लॉनची कड कापायचं अवजार) किंवा सपाट फावडं पायाने दाबून चीर पाडा, लाकडी पट्टीने वायर तळाशी दाबा, वर चालत जाऊन चीर मिटवा. खोली १ ते ३ इंच. जिथे दरवर्षी लॉनचं कोर एरेशन (यंत्राने जमिनीला भोकं पाडणं) होतं तिथे ४ ते ६ इंच जा, कारण त्या यंत्राचे दात २-३ इंच आत जातात आणि एका फेरीत वायरचे दहा तुकडे करतात. वायर ताणून पुरू नका. जमीन गोठते, फुगते, खचते. दर कोपऱ्याला हातभर ढील ठेवा.

झाडांच्या मुळांत किंवा रानाच्या कडेला खोदणं अवघड असेल तर वायर जमिनीवरच ठेवून लॉन स्टेपलने दर १० फुटांवर दाबली तरी चालते. आधीचं लाकडी कुंपण असेल तर त्यालाच बांधा. कुत्रा उडी मारणारा असेल तर वर, खालून उकरणारा असेल तर तळाशी. गेटपाशी वायर एका खांबावरून उतरवून जमिनीतून पलीकडच्या खांबावर चढवायची.

ड्राइव्हवे कसा ओलांडायचा?

काँक्रीटमध्ये ठरावीक अंतरावर जोडाच्या खाचा असतात. एक खाच साफ करा, वायर तळाशी बसवा, वर बाहेरच्या कामाचं सीलंट भरा. सोयीच्या जागी खाच नसेल किंवा ड्राइव्हवे डांबरी असेल तर डायमंड ब्लेडने अर्धा ते एक इंच खोल खाच कापावी लागते. कापताना पाणी मारा आणि मास्क लावा, काँक्रीटची धूळ फुप्फुसांना घातक असते. डांबरात थंड क्रॅक फिलर भरा. वितळवून ओतायचा गरम प्रकार वायरचं कव्हर जाळतो. खडीच्या ड्राइव्हवेला वायर पीव्हीसी पाइपातून घाला.

जोड कसे करायचे?

जितके कमी तितके चांगले. इन्सुलेशन टेपवर भागवलेला जोड मातीत फार दिवस टिकत नाही. दोन्ही टोकांची आधी साधी गाठ मारा, म्हणजे ताण गाठीवर येईल. मग अर्धा इंच तांबं उघडं करून पीळ द्या, वायरनट (जोडावर बसवायची फिरकीची टोपी) घट्ट फिरवा आणि ग्रीस किंवा जेल भरलेल्या कॅप्सूलमध्ये तळापर्यंत खुपसा. प्रत्येक जोडाची जागा नकाशावर फुलीने दाखवा. तीन वर्षांनी बिघाड शोधताना सुरुवात त्या फुल्यांपासूनच होते.

पट्टा किती घट्ट, किती वेळ?

टोक आणि कातडी यांच्यामध्ये एक बोट जेमतेम जाईल इतका. सैल असेल तर झटका कधी लागतो, कधी नाही, आणि कुत्रा गोंधळतो. दाट केसांच्या कुत्र्याला लांब टोकं लावा.

दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त पट्टा ठेवू नका आणि रोज मानेवर हात फिरवून पाहा. तिथे होणाऱ्या जखमा बहुतेकदा झटक्याने नव्हे, तर टोकं एकाच जागी दाबून राहिल्याने होतात. लालसर दिसलं की पट्टा काढा आणि कातडी पूर्ण बरी होईपर्यंत घालू नका. फिरायला नेताना दोरी याच पट्ट्याला अडकवू नका, दुसरा साधा पट्टा वापरा.

शिकवायचं कसं? किती दिवस लागतात?

दोन ते तीन आठवडे. दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी १० ते १५ मिनिटं. याहून लांबवलं तर कुत्रा कंटाळतो.

आधी झेंडे लावा. झेंडा वायरवर लावायचा नाही, बीप सुरू होतो त्या जागी लावायचा. दर ८-१० फुटांवर एक. कुत्र्यांना लाल रंग नीट दिसत नाही, म्हणून हिरवळीवर पांढरे किंवा निळे झेंडे बरे.

पहिले तीन-चार दिवस झटका बंद, फक्त बीप. कुत्रा १५ फुटांच्या दोरीवर. झेंड्यांकडे जाऊ द्या, बीप वाजला की ‘चल मागे’ म्हणत दोरीने हलकेच आत वळवा आणि आत आल्याबरोबर खाऊ द्या. बीप ऐकून तो आपणहून वळायला लागेपर्यंत पुढचा टप्पा नाही. त्यानंतर सर्वांत खालच्या पातळीवर झटका चालू करा. कान टवकारले, मान झटकली, वळला, तर पातळी बरोबर आहे. कुईं केलं तर जास्त आहे. काहीच फरक पडला नाही तर पातळी वाढवायच्या आधी पट्टा घट्ट आहे का ते बघा. त्याला ओढून किंवा बोलावून सिग्नलमध्ये कधीही नेऊ नका. एकदा असं झालं की तो तुमच्या हाकेलाही बिचकतो.

दुसऱ्या आठवड्यात आमिषं आणा : हद्दीपलीकडे चेंडू, घरातलं माणूस, शेजाऱ्याचा कुत्रा. दोरी अजून हातातच. तरीही तो झेंड्यापाशी थांबत असेल तेव्हाच, नजरेसमोर, मोकळा सोडा. झेंडे एकदम उपटू नका. दर एक-दोन दिवसांनी एकाआड एक काढा.

या काळात फिरायला नेताना पट्टा काढा आणि हद्द गाडीतून किंवा उचलून ओलांडा. पायी नेलंत तर ‘इथून जाता येतं’ हाच धडा तो शिकतो.

ट्रान्समीटर बीप करतोय. वायर कुठे तुटली ते कसं शोधायचं?

घाईने खोदायला जाऊ नका, क्रमाने जा. लूपची दोन्ही टोकं काढा आणि दोन्ही टर्मिनल वीतभर वायरच्या तुकड्याने जोडा. तरीही बीप वाजत राहिला तर ट्रान्समीटर गेला आहे. थांबला तर दोष बाहेर आहे. मग पिळाची वायर जिथे लूपला मिळते तिथे उघडून तीच चाचणी करा.

पुढे सरळ फेरी मारा. नवीन लावलेलं झुडूप, फायबरवाल्याने नुकतीच उकरलेली जागा, ड्राइव्हवेची कड, स्ट्रिंग ट्रिमर (दोरीने गवत छाटायचं यंत्र) फिरतो ती भिंतीची बाजू. निम्मे बिघाड इथेच दिसतात.

नाही दिसला तर निम्म्या-निम्म्याने शोधा. लूपच्या मधोमध वायर उघडून कापा आणि जादा रिळातली वायर जमिनीवरून ट्रान्समीटरपर्यंत आणून एक अर्धा भाग पूर्ण करा. बीप थांबला तर तो भाग चांगला, दोष दुसऱ्यात. ५०० फुटांचा लूप असा चार वेळा निम्मा केला की ३०-३२ फूट उरतात. तेवढा तुकडा खोदत बसण्यापेक्षा नवीन वायरने बदलून टाका. दुसरी पद्धत रेडिओची : टर्मिनलांमध्ये आरएफ चोक (एक छोटी कॉइल) लावून, सिग्नल पूर्ण वाढवून, एएम रेडिओ ५३० ते ६०० किलोहर्ट्झच्या मध्ये स्टेशन नसलेल्या जागी लावायचा आणि वायरवरून चालत जायचं. रेडिओवर ऐकू येणारा टूं-टूं आवाज तुटलेल्या जागी विरतो. विजेच्या तारा जवळ असतील तर खरखरीत काही ऐकू येत नाही.

फक्त पावसातच बीप होत असेल तर वायर तुटलेली नाही; जोडात पाणी शिरलं आहे किंवा कव्हरला चरा गेला आहे. नकाशावरच्या फुल्या उघडा, हिरवं पडलेलं तांबं दिसेल.

वायर ठीक, पट्टाही चार्ज केलेला, तरी कुत्रा बाहेर जातो. का?

पट्टा सैल, केस वाढलेले, सिग्नलचा पट्टा अरुंद, किंवा शिकवणं अर्धवट. याच क्रमाने तपासा. पातळी वाढवत नेणं हा शेवटचा उपाय आहे. काही कुत्री बीपवर उभी राहून बॅटरी संपवतात आणि मग आरामात चालत जातात; अशांसाठी बीपची मुदत ठरवून पुढे झटका देणारा पट्टा लागतो. आणि एकदा बाहेर पडलेला कुत्रा परत यायला बिचकतो, कारण आत येतानाही पट्टा वाजतोच. आणायला जाल तेव्हा आधी पट्टा काढा.

बर्फ पडल्यावर?

दोन फूट बर्फ साचला की कुत्रा वायरपासून दोन फूट उंच चालतो. तेव्हा पट्ट्याच्या उंचीवर पुन्हा मोजून सिग्नल वाढवा, कोपऱ्यांवर झेंडे परत लावा, आणि बर्फ वितळल्यावर सेटिंग खाली आणायला विसरू नका.

त्यापेक्षा जीपीएसचा पट्टा घेतला तर?

दोन-चार एकर मोकळी जागा असेल तर जरूर विचार करा, खोदकाम वाचतं. पाव एकराच्या प्लॉटवर नको. जीपीएसची रेघ काही फूट इकडेतिकडे सरकते, झाडांखाली आणि घराच्या भिंतीलगत जास्तच. जिथे एकूण जागाच ६० फूट आहे तिथे ही घसट परवडत नाही.

महाराष्ट्रातल्या फार्महाऊसवर हेच किट नेऊन बसवता येईल का?

बसवता येतं, पण मुख्य कुंपण म्हणून नको. मोकाट कुत्री आत येणारच. जुन्नर, आंबेगाव, मुळशी, कर्जत अशा भागांत बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचं सोपं भक्ष्य. पट्ट्यामुळे पळायची वाट बंद झालेला कुत्रा म्हणजे आयतीच शिकार. तिथे आधी चेनलिंक किंवा भिंत, आणि रात्री कुत्रा बंद खोलीत.

आतली दुसरी फळी म्हणून मात्र वायर कामाची आहे : गेटपासून दूर ठेवायला, कोंबड्यांच्या खुराड्यापासून लांब ठेवायला, आणि विशेषतः कठडा नसलेली विहीर किंवा प्लास्टिक अंथरलेलं शेततळं वगळायला. शेततळ्याच्या गुळगुळीत कागदावरून कुत्र्याला वर चढता येत नाही. तळ्याभोवती काठापासून ८ फुटांवर वायरचा लूप आणि तिथून घरापर्यंत पिळाची वायर, एवढं पुरतं. काठाला एक जाळी किंवा दोर मात्र सोडून ठेवाच.

मोजमाप सोपं आहे : १० गुंठे म्हणजे नेमका पाव एकर, घेर सुमारे ४२० फूट. अडचणी जमिनीच्या आहेत. काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि ताणलेली वायर तुटते, म्हणून ढील भरपूर ठेवा. घूस आणि उंदीर कव्हर कुरतडतात, तेव्हा निदान बांधालगतचा आणि गोठ्याजवळचा भाग अर्ध्या इंची पाइपातून न्या. कोकणात जांभ्यावर चीर पडत नाही. तिथे वायर गडग्याच्या आतल्या अंगाने दगडांच्या फटीतून न्यावी. अमेरिकेतून आणलेल्या अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं नसेल तर तो इथल्या २३० व्होल्टवर जळेल. तेवढ्याच व्होल्टचा आणि अँपिअरचा इथला अडॅप्टर घ्या. वीज जाते तेव्हा कुंपणही जातं, त्यामुळे छोटा डीसी यूपीएस लागतो, आणि त्याचा आउटपुट ट्रान्समीटरवरच्या आकड्याशी जुळायला हवा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की कुत्रा घरात घ्या, लूपची दोन्ही टोकं टर्मिनलमधून काढा आणि अडॅप्टरही सॉकेटमधून उपसून ठेवा.